सालामिनोचा मानपान

आमच्या एर्मेसदादाची लाम्ब्रुस्को वाइन फिकी गुलाबी, फेसाळ. डुकराच्या सॉसेजचं तुपकट जेवण झालं तरी तिच्यामुळे पोट हलकं राहतं, हे मान्य. पण दादाचं तेवढ्यावर भागत नाही. "माझ्या मळ्यात सोर्बारा द्राक्षाशिवाय दुसरा वेल नाही," असं तो तीस वर्षं गावभर सांगत आलाय. चरापलीकडे माझी मैत्रीण नीवेस सालामिनो जातीची द्राक्षं लावते. तिच्या गडद वाइनला दादा शाई म्हणतो.

आता सोर्बाराची गंमत अशी, की तिला फुलं येतात, पण एकटीने फळ धरत नाही. शेजारच्या सालामिनोचे पराग वाऱ्यावर आले तरच घड भरतात. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दादाही जाणतो, बोलत नाही एवढंच.

फेब्रुवारीत नीवेसने सांगून टाकलं, सालामिनो उपटणार, नाशपाती लावणार. दादाचं तोंड उतरलं. स्वतः सालामिनो लावले तरी फुलायला तीन वर्षं, तोवर मळ्यात नुसती पानं. मी म्हटलं, "जा, हातापाया पड." तो म्हणाला, "त्या शाईवालीच्या?" पण रविवारी मुकाट माझ्याबरोबर तिच्याकडे जेवायला आला, काखेत स्वतःची बाटली घेऊन.

नीवेसने कोंबडीच्या गरम रश्शात तोर्तेल्लिनी, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या मुरडी, वाढल्या. रश्शात वाइनची धार सोडायची आमच्याकडे रीतच आहे. तिने न विचारता दादाच्या वाडग्यात आपली गडद वाइन ओतली. दादा निमूट प्यायला.

"नीवेस, ते वेल राहू दे."

"का रे? शाईच ना ती?"

"चराकाठच्या चार ओळी तरी."

"तुझ्या मळ्यात तर सोर्बाराशिवाय कुणी नाही. मग माझ्या ओळींशी तुला काय करायचंय?"

समोर बसलेल्या तिच्या दोन्ही दिरांनी चमचे खाली ठेवले.

"तीस वर्षं तुझ्या लेकी माझ्या पोरांच्या जिवावर नांदतायत, एर्मेस. मी वरमाय. मला ना आमंत्रण, ना मानपान. वर गावभर नावं ठेवतोस."

दीर खो खो हसले. दादाचे कान लाल झाले. तो उठला तेव्हा मला वाटलं, चालला आता. पण तो तिथेच उभा राहिला.

"माझ्या वाइनचा बाप नीवेसच्या मळ्यात आहे," तो म्हणाला. "तीस वर्षं मी ते लपवलं. चुकलं माझं."

इतक्या वर्षांत दादाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"बस खाली, रस्सा निवतोय," नीवेस म्हणाली. "वेल राहतील. नाशपाती मागच्या पट्टीत लावीन."

मग तिने दादाची बाटली उघडली. ग्लास नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगला. दादा परीक्षेला बसल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

"रंग तुमच्याकडचा," ती म्हणाली. "नाक मात्र आमच्याकडचं."