अध्यक्षांसमोरून गेलेले बेचाळीस किलो

लक्ष्मणराव आमच्या तलावाच्या मच्छी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते वजनकाटा आणण्याचं. मत्स्यबीज सोडण्याआधी तलावात चुना टाकावा लागतो. सुखराम तो गावच्या भट्टीत चुनखडी भाजून देतो. त्याचा बापही देत होता. कोणी कधी मोजला नव्हता. लक्ष्मणरावांनी शंभर किलो दगड मोजून दिला, छप्पन किलो चुना मोजून घेतला आणि सुखरामला भर सभेत चोर ठरवलं.

माझी नात अपेक्षा अड्याळला अकरावीत विज्ञान शिकते. ती उभी राहिली. शंभर किलो चुनखडी भाजली की चुना छप्पन किलोच उरतो, चव्वेचाळीस किलोचा वायू होऊन उडून जातो, असं तिनं सांगितलं. तो वायू कोणी पाहिला, असं लक्ष्मणरावांनी विचारलं. दिसत नाही, असं ती प्रामाणिकपणे म्हणाली.

“चव्वेचाळीस किलो दगड उडून जाते,” लक्ष्मणराव म्हणाले, “मंग आमी अजून जमिनीवर कसे आहो?”

सभा पोटभर हसली. सुखराम गमछा खांद्यावर टाकून घरी गेला.

पुढची भट्टी लक्ष्मणरावांनी पुतण्या हेमराजकडून लावून घेतली. दगड पुन्हा शंभर किलोच. ते स्वतः समोर खाट टाकून दोन दिवस बसले. जेवणही तिथंच आलं. भट्टी निवली, चुना काट्यावर चढला. अठ्ठावन्न किलो. त्यांनी काटा पुसून पुन्हा मोजला. अठ्ठावन्न.

मच्छी विकणाऱ्या शकुनबाईनं मोठ्या आदरानं विचारलं, “अध्यक्षसाहेब, बाकीचे बेचाळीस तुमच्या खाटेखाली त नाही?”

त्याच संध्याकाळी अपेक्षाला बोलावणं आलं. बसायला खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. तिनं तेच गणित पुन्हा सांगितलं. वर म्हणाली, बेचाळीसच गेले, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास दगड कच्चा राहिला. चुना पाण्यात टाकला, तर खरंच तळाशी दगड उरले. लक्ष्मणराव म्हणाले, विज्ञान खोटं कसं बोलेल. ठराव एकमतानं झाला की आजपासून चुनखडीचं वजन हवेत जाईल.

बीजाची गाडी यायची होती आणि हेमराजला भट्टी जमत नव्हती. सुखरामला बोलावलं. तो आला, पण त्यानं भट्टी पेटवायला काडी ओढली नाही.

“आजपासून जाते म्हणता. मंग माहे चव्वेचाळीस कुठी गेले?”

“जुनं कायले उकरून राहिला गा?” लक्ष्मणराव म्हणाले.

“मी त चोरच राहिलो ना.”

चूक झाली, एवढं काही लक्ष्मणरावांच्या तोंडून निघेना. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तेही हवेतच गेले होते.”

माफी म्हणावी, तर तिच्यात सुखरामचं नाव नव्हतं आणि लक्ष्मणरावांचंही नव्हतं. सुखरामनं थोडा विचार केला. मग त्यानं अध्यक्षांनाच लाकडं आणायला पाठवलं, आणि ते गेले.