छत्रीची मूठ

"देवीदास, तुले मूठ देली हाय. ध्यानात राहीन?"

भगवंतरावाचा उजवा हात असलेल्या गजेंद्रनं कागद पुढे धरला. कागदावर पेनानं काढलेली छत्री. तिच्या काडीकाडीवर एकेका मापाड्याचं नाव. मुठीवर देवीदास.

"सूचक म्हणून नत्थुजीच्या अर्जावर सही केली, ते माफ. पण मोजणीत मुठीवर शिक्का नाही दिसला, तं तुहा परवाना गेला. भगवंतरावाचा निरोप हाय."

"हो भाऊ."

मार्केट यार्डातल्या मापाडी संघाचा भगवंतराव वीस वर्षं अध्यक्ष. दरवेळी बिनविरोध. माल मोजायचा परवाना कोणाचा राहील, कोणाचा जाईल, हे एकटा तोच ठरवणार. आणि याला म्हणायचं निवडणूक! यंदा नत्थुजी विरोधात उभा राहिला. त्याची निशाणी कंदील, भगवंतरावाची छत्री. सही करताना देवीदास वाघ होता. त्या दिवसापासून मात्र तो रोज रात्री फीचा हिशोब मांडत बसायचा. पोरगी करिश्मा अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला; परवाना गेला तर तीही घरी.

मतदानाच्या वेळी गोणपाटाच्या पडद्याआड त्यानं शिक्का कंदिलावर नेला. पडद्याखालून गजेंद्रचे बूट दिसत होते. बूट हलत नव्हते. देवीदासनं शिक्का मागे घेतला. त्यानं मुठीवर शिक्का मारला आणि मतपत्रिका पेटीत टाकली.

दुपारी मोजणी झाली. गजेंद्र एकेक मतपत्रिका उलगडायचा, कागदावरच्या छत्रीशी ताडून खूण करायचा. मतं तेवीस. छत्री तेवीस. कंदील शून्य.

भगवंतराव हसला. "काहून नत्थुजी, सोताचं मत बी आमालेच? लय मोठं मन हाय बा तुहं!"

यार्ड हसलं. देवीदासही हसला. हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उचलायला देवीदास आणि नत्थुजी दोघंच होते. देवीदासची मान वर होईना.

"मले बी जागा देली होती," नत्थुजी खालीच पाहत म्हणाला. "टोक. तुले?"

"मूठ."

दोघांनी दोन बाजूंनी काटा उचलून सोयाबीनच्या ढिगाजवळ मांडला. पहिली गोणी चढली.

नत्थुजी वजन पुकारायचा तेव्हा यार्डाच्या फाटकावर ऐकू यायचं. बत्तीस वर्षांत त्यानं व्यापाऱ्याच्या डोळ्याकडे पाहून आकडा बदलला नव्हता.

त्यानं आकडा पुकारला. समोर हातभर अंतरावर उभा असलेला शेतकरी कान पुढे करून म्हणाला, "किती सांगतलं, भाऊ?"