नव्या पटक्याचा रंग

"बेटा मेहबूब, या डब्यालाही लाल-हिरवं कळत नाही. तुमचं दोघांचं चांगलं जमेल."

फोटोग्राफी शिकवणाऱ्या सुरतेच्या उस्तादांनी कॅमेऱ्यावर थाप मारत हे हसत हसत म्हटलं, त्याला कैक वर्षं लोटली. उस्ताद गेले आणि गुपित जाणणारा माणूसच उरला नाही. मेहबूबला लाल आणि हिरवं एकसारखंच मातकट दिसे. पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली, नंदुरबार लालेलाल झालं, की वाटसरू थबकून बघत. मेहबूब नुसता शिंके.

तिपाई नि डबा घेऊन तो मुलूखभर हिंडे. तळोद्याचा बाजार, पाणंदीतल्या गाड्या, सातपुड्यातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया. दिसेल ते टिपे. काळ्यापांढऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गिऱ्हाइकाला रंग हवा असे. तो पडद्याआड त्याची बायको सालेहा भरायची, बारीक कुंचल्यानं, एकेक मिशी सांभाळत.

"अजी, पगडी कौनसे रंग की थी?"

मेहबूब अंदाजानं ठोकून देई. सुकलाल पाटलांचा लाल फेटा असाच हिरवा झाला. पाटील फोटोकडे बराच वेळ बघत बसले आणि पुढच्या बाजारी हिरवा फेटा विकत घेऊन आले. "फोटो खोटा कसा व्हई?" म्हणाले.

"आँखें बाजार में गिरवी रखके आते क्या?" सालेहा चिडवायची. तो चहा मागून वेळ मारून नेई. खरं बोलावं तर गावोगाव आंधळा फोटोग्राफर म्हणून नाव पडेल, ही भीती.

अशात तळोद्याकडची नानीबाई आली. तिच्या नवऱ्यानं, नथ्थूबाबानं, पोळ्याच्या बाजारी नवा पटका घेतला होता, तिथंच तो बांधून मेहबूबकडून फोटो काढवला होता. घरी परतताना नदीला अचानक लोंढा आला. देह सापडला, पटका वाहून गेला.

"भाऊ, इतला वाळेल कसा तू?" नानीबाई बसता बसता म्हणाली. "बायको खावाले देस नहीं का?"

पडद्याआड सालेहा हसली.

"या फोटोमा रंग भर. दुकानदार सांगस, तो दिन दोनच रंगना पटका व्हतात, लाल नहीं ते हिरवा. मी जनमभर सांगं, लाल बांधा. धनी म्हनेत, माले हिरवाच शोभस. यानावरथीन आम्हना रोज भांडन." ती पुढं सरकली. "शेवटला दिन मन्हं आयकं का सोतानं, इतलंच माले समजू दे. तूच देखेल शे."

जन्मभराच्या भांडणाचा निवाडा, आणि पंच मिळाला तो हा असा.

लाल म्हटलं की झालं. म्हातारी सुखानं घरी जाईल, जात्यावर बसून गाईल, मरेपर्यंत शेजारणींना सांगेल. पडद्याआड सालेहानं लाल रंगाची डबी उघडल्याचा आवाजही झाला. मेहबूबनं तोंड उघडलं आणि त्याला पाटलांचा फेटा आठवला. पाटलांनी रंग बदलून घेतला होता. हिला काय बदलता येणार होतं?

"माय, पटका बांधीसन तेन्ही आरसा मांगा," तो म्हणाला. "मान इकडे करी देखी, तिकडे करी देखी. म्हने, आज नानी काय म्हनी कोन जाने. आन हासे. फोटोना येळले सुद्धा तोंड मिटेना. हाई मी मन्हा डोयाखाल देखेल शे."

नानीबाईनं फोटो जवळ ओढला. पदराच्या टोकानं तो पुसला. नवऱ्याचं हसू तिनं बोटानं चाचपून पाहिलं.

"हाशीच तो," ती म्हणाली. "खोडीच तशी. पन रंग कोन्ता व्हता, भाऊ?"

पडद्याआड कुंचला थांबला होता. मेहबूब बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"माय, तो रंग माले कळनाच नहीं. लाल आन हिरवं माले एकच दिसस, जनमपासून."