सायबाची पाठ

गावच्या यात्रेत मान दोनच गोष्टींना: संध्याकाळचं नाटक आणि दुसऱ्या दिवशीची कुस्त्यांची दंगल. यंदा सरपंच गिरधरनानांनी दोन्ही एकाच दावणीला बांधल्या. नाटक इंग्रजांच्या काळातलं, गाण्यांचं. गोरा कलेक्टर म्हणतो, कुस्तीत मला पाडा, शेतसारा माफ. हरलात तर दुप्पट. गावचा गडी त्याला लोळवतो, ढोलकी कडाडते, पडदा पडतो. आता गावचा गडी कोण? तर नानांचा पोरगा राकेश. मांडव नानांचा, लाऊडस्पीकर नानांचा, मग नायक काय शेजारच्या गावाहून आणायचा? राकेशनं उभ्या जन्मात माती पाहिली ती बुटाला लागलेली, पण ते असो.

सायब म्हणून नानांनी समाधानला धरलं. पारोळ्यापासून भुसावळपर्यंत नाव असलेला पहिलवान. आता पस्तिशीला टेकला होता, गुडघा कुरकुरत होता, आणि ही दंगल आपली शेवटची हे त्यानं ठरवून टाकलं होतं. इच्छा एकच उरली होती. दंगलीतली शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, खांद्यावर घेतात, वाजतगाजत गावभर फिरवतात, आणि दारोदारी बाया त्याला ओवाळतात. परगावी समाधान कैकदा मिरवला. आपल्या गावात, आपल्या आईच्या दारावरून एकदाही नाही, कारण नाना ती जोड दरवर्षी बाहेरच्या मल्लांची लावायचे.

"तू गोरा शे, उंचापुरा शे. सायेब तूच व्हय," नाना म्हणाले. "मंग शेवटनी कुस्ती तुनी."

वस्ताद पंडितआबांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. पहिलवानानं पाठ खोटीसुद्धा टेकवू नये, असं त्यांचं म्हणणं. "आबा, नाटकच ते!" म्हणून समाधाननं हसण्यावारी नेलं.

लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट आणि तोंडाला बोटभर पावडर अशा थाटात सायब स्टेजवर आला. लताबाईंनी वरच्या पट्टीत गाणं धरलं, "सायबाची पाठ मातीला, गं बाई, मातीला," आणि राकेशनं समाधानच्या कमरेला मिठी मारली. उचलतो कसला! त्याला धाप लागली. शेवटी समाधाननं स्वतःच उसळी घेतली आणि स्वतःलाच चीतपट केलं.

मांडव उसळला. "वन्समोर!"

लताबाईंना वाटलं, गाण्याला. त्यांनी बिचारीनं घसा साफ केला. तर लोक म्हणतात कसे, "गानं ऱ्हाऊ द्या! सायेबले पाडा!" नानांनी विंगेतून खूण केली. समाधान पुन्हा पडला. पुन्हा वन्समोर. बायकांत बसलेली लिलाबाई, त्याची सख्खी आई, तीसुद्धा भान विसरून टाळ्या पिटत होती. समाधानला हसूही आलं आणि कुठंतरी लागलंही. शेवटच्या वन्समोरला राकेशनं त्याच्या छातीवर पाय ठेवला. हे नाटकात नव्हतं. समाधाननं खालून पाहिलं तर पोराच्या डोळ्यांत नाटक उरलंच नव्हतं. त्याला सगळं खरं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दंगल. शेवटच्या कुस्तीला भुसावळचा वाल्मीक पहिलवान आणलेला. पण तो आदल्या दिवशीच आला होता आणि मांडवात पहिल्या रांगेत बसला होता.

"ह्याच्याशी?" तो नानांना म्हणाला. "काल तुमच्या पोरानं ह्याला धोपटला तो अख्ख्या गावानं पाहिला. मी जिंकलो तर कौतुक नाही, हरलो तर तोंड कुठं लपवू?"

"अहो, नाटक होतं ते!"

"असेल. पण लोकांनी पाहिलं ना?" आणि तो चहाच्या गाडीकडे चालता झाला.

आता जोड कुठून आणायची? गर्दीनंच उत्तर दिलं, "राकेश! राकेश!" कोऱ्या लंगोटात राकेश तयारच होता. नाना समाधानच्या कानाशी लागले, "शेवटनी कुस्ती देल शे, शब्द पाळा मी. आते कालनागतच कर. गावना आनंद शे."

समाधानच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं माती अंगाला लावली ती ह्यासाठी? त्यानं सलामी दिली. राकेशनं कालच्यासारखी कमरेला मिठी मारली आणि वाट पाहत राहिला. समाधाननं ढाकेचा डाव मारला. ढोलवाल्यानं टिपरू उचलायच्या आत राकेश आभाळाकडे बघत होता.

पंडितआबांनी एकट्यानं टाळी वाजवली. मग म्हातारा रुपचंद ओरडला, "सायेबनी दगा दिधा!" आणि गर्दीला जणू तेवढंच हवं होतं. पंचांनी नानांकडे पाहिलं, नानांनी माईक घेतला, "दोन्ही आपलीच लेकरं! फेटा गावाचा!" गावाचा फेटा राकेशच्या डोक्यावर बसला. धुळीनं भरलेल्या पाठीसकट त्याला खांद्यावर घेतलं आणि ढोल गावाकडे निघाले.

समाधान मागून चालत राहिला. दुसरं करणार काय, घरही त्याच वाटेला.

लिलाबाई दारात ताट घेऊन उभी होती. दुपारपासून पुरणाचा घाट घातला होता तिनं. फेटा वळणावर दिसला तशी ती हरखली; जवळ आला तसा तिचा चेहरा उतरला. पण पेटलेलं निरांजन तसंच आत न्यायचं नाही. तिनं राकेशला ओवाळलं, कुंकू लावलं.

"काकू, त्याले बोलू नका," राकेश वरून म्हणाला. "सायेब व्हता, तरी बरा लढना."

मिरवणूक पुढे गेली. समाधान दारात आला. आई, मी जिंकलो, एवढंच म्हणायचं होतं; पण ढोल गल्लीतच होते. लिलाबाईनं ताट खाली ठेवलं.

"हारजित चालसच, बेटा," ती म्हणाली, आणि त्याच्या मागे जाऊन पदरानं त्याची पाठ झटकू लागली. पाठीला मातीचा कण नव्हता. तरी ती झटकत राहिली.