झोडलेला मोहोर

मित्रांनो, ही गोष्ट २०२२ सालची. मी एक जुना ऑलिव्ह वृक्ष आहे. दोह्यात ओल्ड एअरपोर्टजवळच्या एका नव्या रस्त्याकडेला उभा असतो. पण जन्म माझा इथला नव्हे. स्पेनमधल्या एका डोंगरउतारावर मी वाढलो. तिथे मला कुणी पाणी घातले नाही. आभाळातून पडेल तेवढे पुरायचे. उताराची माती माझ्या मुळांनी धरून ठेवली होती. थंडीत खाली जाळी अंथरून माझी फळे उतरवत. त्यांच्या तेलावर एका घराचा वर्षभराचा स्वयंपाक होई.

पुढे फुटबॉलच्या विश्वचषकासाठी दोहा सजू लागले. रस्त्याकडेच्या झाडांचे काम संजीव नावाच्या नाशिकच्या इंजिनिअरकडे होते. फोटोत माझा पिळदार बुंधा त्याला आवडला. मुळे छाटून, फांद्या कापून मला जहाजाने आणले. येणारेजाणारे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. कौतुक गोड लागते, मित्रांनो. पण सांगलीकडचा जालिंदर रोज टँकर घेऊन येई, आणि ते पाणी पिताना मला ओशाळे वाटे. या वाळवंटात इतके पाणी पिऊन मी कुणाला थेंबभर तेल देत नव्हतो.

त्या चैत्रात मला मोहोर आला. वाटले, आता थोडे तरी फेडता येईल. पण पिकलेली फळे गळली की फरशीवर काळे डाग पडतात. म्हणून संजीवने मोहोर झोडायला सांगितले. दिवसा उन्हाचा कहर, म्हणून काम सूर्यास्तानंतर. त्या दिवशी त्याची आई शशिकलाबाई त्याच्याबरोबर आली होती.

"संजीव, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावत नाहीत. झोपलेलं असतं ते."

"आई, हे स्पेनचं झाड आहे. तिकडे अजून ऊन आहे."

"चेष्टा पुरे. आंब्याचा मोहोर झोडला असतास?"

"पाहुणे येणार आहेत गं. फरशी खराब दिसते."

"पाहुणे येणार म्हणून कुणी झाडाची कूस रिकामी करत नाही."

जालिंदरने उचललेली काठी खाली घेतली. "साहेब, आज राहू द्या. आई म्हणत्यात तर सकाळी बघू."

"सकाळी तपासणी आहे, जालिंदर. दे इकडे. एकदाचं खलास करू."

आणि संजीवने स्वतः काठी चालवली. घाईत चालवली. मोहोराबरोबर कोवळे शेंडेही मोडले. बारीक पांढरी फुले त्याच्या बुटांवर पडली. शशिकलाबाई गाडीत जाऊन बसल्या.

पाहुणे आले. त्या गर्दीत फरशी कुणाला दिसलीच नाही.

जालिंदर गावी परतला. आता दुधाची गाडी चालवतो. शशिकलाबाई नाशिकला गेल्या त्या पुन्हा दोह्याला आल्या नाहीत. फोनवर लेकाशी बोलत, पण माझे नाव त्यांनी कधी काढले नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या.

संजीव इथेच आहे. त्याने झोडणे बंद करवले. फळांसाठी आता जाळ्या अंथरतात, पाणीही बेताने देतात. शेजारच्या झाडांना फळे धरतात. माझे मोडलेले शेंडे मात्र वांझच राहिले.

मित्रांनो, झाड दूरवरून आणलेत तर त्याला निदान झाडासारखे जगू द्या. शोभेची वस्तू करू नका. दर चैत्रात संजीव येतो, माझ्या फांद्या एकेक करून चाचपतो आणि परत जातो. त्याच्यासाठी तरी एक कळी यावी म्हणून मी वर्षभर धडपडतो.