साळूबाईंची साक्ष

मी चर्चचा माईक बोलतोय. हो, आज स्वतः! एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात. इंदिरानगरातल्या एका लहानशा चर्चमध्ये नऊ वर्षं उभा आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला मेनरोडवरच्या दुकानातून घासाघीस करून आणलं, एवढं आठवतं. जाळी चेपलीय, मानेला चिकटपट्टी आहे, पण कान अजून तिखट आहेत.

माणसं मी पुरती ओळखतो. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा अर्धा तास खातो. ज्याला खरंच काही सांगायचं असतं, तो मला घट्ट धरतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार होता. महिला मंडळाच्या अध्यक्षा सुवर्णाबाई बोलायला उभ्या राहिल्या. मालक कितीही कडक असो, चाकरानं अन्याय निमूट सोसावा, देव बघत असतो, असं त्या सांगत होत्या. आवाज काय मधाळ! मीही भारावलो, खोटं कशाला सांगू.

"आपल्या साळूबाईच बघा," त्या म्हणाल्या. "एका घरी त्यांच्यावर चोरीचा आळ आला. निष्पाप असून ही बाई चकार शब्द बोलली नाही. या साळूबाई, साक्ष द्या, देवानं कसं सांभाळलं ते सांगा."

साळूबाई वणीकडच्या. सुवर्णाबाईंकडेच बारा वर्षं स्वयंपाकाला. चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर. मला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. आता लाटणं धरावं तसं घट्ट धरलं.

"मी गप बसले, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन ते घर बाईंचंच. कानातले गेले म्हनून बाईंनी मला थोबाडीत मारली. चार दिसांनी ते सूनबाईंच्या पर्समधी निघाले. चुकलं आमचं, असं मला कुनी बोललं नाय. अन् मी देवासाठी गप नाय बसले. काम जाईल म्हनून बसले."

अहो, मी हादरलोच. ते मधाळ प्रवचन एका थपडेवर उभं होतं, आणि मीच ते सगळ्यांच्या कानात ओतलं होतं!

पाळकसाहेब घाईनं उठले. "प्रार्थना करू या." निम्म्या सभेचे डोळे लगेच मिटले.

साळूबाईंनी मला सोडलं नाही. "साहेब, येशूला शिपायानं थोबाडीत मारली, तवा त्यानं विचारलं ना, मला का मारलं म्हनून? क्रूस बी त्यानं उचलला. पन आधी विचारलं. मंग मी बी विचारते. बाई, मला का मारलं?"

सुवर्णाबाई पदर सावरत राहिल्या. कुणीतरी माझं बटण बंद केलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी साळूबाईंचं काम सुटलं. चर्चच्या कमिटीनं नियम केला, की साक्ष आधी लिहून दाखवायची. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

साळूबाई आता पहिल्या बाकावर बसतात. सुवर्णाबाई दर रविवारी मंडळाच्या सूचना वाचतात. वाचून झालं तरी मला घट्ट धरून ठेवतात. समोर साळूबाई बघत असतात. मग बाई मला ठेवतात आणि खाली उतरतात.

बाई, न्याय करणं माझ्या हाती नाही. पण एका रविवारी सूचना संपल्या की साळूबाईंना उत्तर द्या. हळू बोललात तरी चालेल. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं काम माझं.