हाताची चव

मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकीणमावशी हाताला साबण लावत नसे. आता, ती घाणेरडी होती म्हणाल तर जीभ झडेल. तिची भांडी अशी लखलखत की त्यात तोंड पाहून घ्यावं. पण सासूनं घरातल्या भांड्यांबरोबर एक समजूतही तिच्या गळ्यात घातली होती: साबणानं हाताची चव जाते. म्हणून ती नळाखाली हात धरायची, पदराला पुसायची आणि बसायची उकडलेले बटाटे कुस्करत. मुली बोटं चाटत, आणि मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्यांतलीच एक चिमणी. खाणं चिमणीएवढं, म्हणून सगळ्या तसंच म्हणत. ताट अर्धं टाकून ती स्वयंपाकघराच्या दाराशी येई.

"मावशी, तुमच्या हातचा एक घास द्या ना."

"घोडी झालीस की गं! अजून भरवायचं होय?" असं म्हणत मावशी भरवे. त्या घासावाचून तिचाही दिवस जात नसे.

मग मावशीचं पोट बिघडलं. आपण रजा टाकली तर पोरींचे हाल होतील, म्हणून ती तशीच रेटत कामावर आली. बघता बघता निम्मं वसतिगृह जुलाब-उलट्यांनी आडवं झालं. बाकीच्या सावरल्या. चिमणी गेली.

दवाखान्यातून नर्सबाई आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मावशीला आधी नेहमीसारखे हात धुवायला लावले, मग त्याच हातांना साबण लावून नखं, बोटांच्या बेचक्या, अंगठे चोळले आणि पांढऱ्या पातेल्यात धुतले. पाणी गढूळ झालं.

"पोट बिघडलेलं असताना स्वयंपाक केलात?"

"केला."

"संडासातून आल्यावर साबण लावलात?"

"चव जाते हो, बाई."

नर्सबाईंनी पातेलं तिच्यापुढे सरकवलं. "हे पाण्यात दिसलं तरी. आजार पसरवतं ते दिसतही नाही, मावशी. नुसत्या पाण्यानं ते हाताला तसंच राहतं आणि तिथून ताटात जातं. पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय चुलीकडे फिरकू नका. आणि यापुढे साबणाशिवाय अन्नाला हात नाही."

मावशी बरी होऊन परतली, तेव्हा चिमणी दारात होती. वळून पाहिलं की कुणी नसे, पाठ केली की असे. ती काही मागत नव्हती. नुसती उभी असायची, आणि मावशीला ते मागण्यापेक्षा जड जाई.

मावशीनं साबण लावला. मनगटापर्यंत चोळला, पुन्हा लावला, कातडी चरचरेपर्यंत लावला. मग बटाटे कुस्करायला बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागितलं, की आज अन्न बेचव होऊ दे. पोरी नाकं मुरडू देत, ताटं सरकवू देत. चव खरंच जात असेल, तर निदान आपण काहीतरी राखायला गेलो होतो. नाहीतर पोर फुकट गेली.

वाढून झालं. मावशी भिंतीला टेकून एकेका तोंडाकडे बघत राहिली.

"मावशी, अजून वाढा!"

"तुमच्या हाताला काय चव आहे हो!"

बोटं चाटली गेली, ताटं पुसली गेली, पातेल्याचा तळ खरवडला गेला. मावशी आत आली. दाराकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"काही गेलं नाही गं," ती म्हणाली. "तेव्हाही काही गेलं नसतं."